साधा श्वास घेणारं माणूस

ती. ताईंना,

वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकलेले नाही. हल्ली वाकलं की दम लागतो, उकाड्याचे दिवस आहेत, तेव्हा हा नमस्कार कागदावरच गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? मोठ्या नातीला पुढचे दात आले, की अजून फटीतूनच भांडते? आम्ही इकडे सर्व ठीक आहोत. म्हणजे तुमचे बंधू इस्पितळात आहेत आणि मी त्यांच्या उशाशी बाकावर बसून हे लिहिते आहे, एवढं सोडलं तर ठीक आहोत.

फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. (राग मानू नका. तुम्ही कुणालाच बोलू देत नाही, त्यात दुजाभाव नसतो.) शिवाय इथून फोन केला की हे शेजारी पडल्या पडल्या माझ्या प्रत्येक वाक्यात दुरुस्त्या सुचवतात. पत्रात तेवढी सोय आहे, लिहिणारीला कुणी अडवत नाही. आणि लिहिणं भाग पडलं, कारण तुमच्या चुलतभावाने तुम्हाला कळवलं की बाळचं हार्ट फेल झालं, आणि तुम्ही फोन तिथेच टाकून रडायला बसलात, असं माझ्या कानावर आलं. तर आधी डोळे पुसा. तुमचा बाळ जिवंत आहे. आज सकाळीच त्याने फरशी पुसणाऱ्या बाईंना पाठीचा कणा ताठ ठेवून कसं पुसावं याचं प्रात्यक्षिक दाखवायचा प्रयत्न केला आणि सिस्टरने त्याला दंडाला धरून परत कॉटवर बसवलं. आपल्याकडे हार्ट फेल झालं म्हटलं की माणूस गेलाच. डॉक्टरांच्या भाषेत तसं नसतं. त्यांचं म्हणणं, हृदय थांबलेलं नाही, दमलेलं आहे, रक्त ढकलायला कमी पडतंय. पण ‘फेल’ हा शब्द ह्यांच्या जिव्हारी लागला. आपल्या सगळ्या नोकरीत आपल्या विषयात एकही मूल नापास झालं नाही, असं त्यांनी डॉक्टरांना ऐकवलं. (पीटीच्या तासाला परीक्षाच नसायची, हे मी तिथे बोलले नाही. चारचौघांत नवऱ्याची अब्रू राखावी, एवढं मला कळतं.)

सुरुवात कशी झाली ते सांगते. आधी ह्यांचे बूट घट्ट व्हायला लागले. मग चपला. ह्यांनी दुकानदाराला दोष दिला, त्याच्याशी भांडून आले, आणि येताना जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबले. एका मजल्यावर विजेचे मीटर तपासले, वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी दारावरची पाटी वाचली, जी ते आम्ही राहायला आल्यापासून वाचत आहेत. (मीही सोबत थांबत होतेच. हातात पिशव्या असतात, शिवाय नवऱ्याला मागे टाकून पुढे जाणं बरं दिसत नाही.) मग रात्री आडवं पडलं की गुदमरायला लागलं, म्हणून बसून झोपायला लागले. त्याचं खापर उशीवर फोडलं. शेवटी एके दिवशी आंघोळीहून आले आणि टॉवेलसकट खुर्चीत बसले ते उठेनात. तेव्हा मी रीतसर आरडाओरडा करून शेजाऱ्यांना बोलावलं आणि इथे आणलं. ताई, तुम्हाला माहीतच आहे, ह्यांना स्वतःचा चष्मा स्वतःच्या कपाळावर असला तरी सापडत नाही. गोळी कुठली सकाळची आणि कुठली रात्रीची, हे त्यांना आयुष्यात कळणार नाही. नवरा-बायकोत एकाने तरी धडधाकट असावं लागतं, आणि आमच्या घरात ते काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. मला काय धाड भरली आहे? काही नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचताना तुमचा गैरसमज होऊ शकतो.

आता यंत्राबद्दल. इथल्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत. उंची बेताची, पायात कॅनव्हासचे बूट, आणि कोटाच्या खिशात सोनोग्राफीचं यंत्र. पूर्वी सोनोग्राफी म्हणजे चाकाच्या खुर्चीत बसून तळमजल्यावर जायचं, रांगेत थांबायचं, आणि आपली पाळी आली की तिथला माणूस जेवायला गेलेला असायचा. आता तसं राहिलं नाही. बाई खिशातून दाढीच्या मशीनएवढी वस्तू काढतात, तिची वायर हातातल्या पडद्याला जोडलेली असते. पोटावर गार जेली थापायची, छातीच्या हाडाखाली मऊ जागा असते तिथे ती वस्तू टेकवायची, आणि कॉटवरच आत बघायचं. काय बघायचं, तर शीर. अंगभरचं रक्त गोळा करून हृदयाकडे परत नेणारी एक जाडजूड शीर पोटातून वर जाते. हृदय दमलं की पुढचं रक्त पुढे सरकत नाही, मागचं मागे तुंबतं आणि ही शीर फुगून बसते. धडधाकट माणसाने श्वास आत घेतला की ती चपटी होते, सोडला की पुन्हा भरते. फुगलेली शीर मात्र ढिम्म हलत नाही. म्हणजे अंगात पाणी किती साचलंय, औषध वाढवायचं की कमी करायचं, याचा अंदाज पेशंटला जागचं न हलवता येतो. बाईंनी हे सगळं ह्यांना पडदा दाखवून, बोट ठेवून, अगदी मन लावून समजावलं. तिथेच त्यांचं चुकलं. आपण पेशंटला धीर देतो आहोत असं त्यांना वाटलं. तुमच्या भावाला वाटलं, अभ्यासक्रम जाहीर झाला.

त्यात भर म्हणजे शेजारच्या कॉटवरचे टेलरमास्तर. (सिस्टरने नुसतं ‘मास्तर’ म्हणून हाक मारली की दोघेही हात वर करायचे, आणि एकदा त्या गोंधळात ह्यांचं इंजेक्शन टेलरमास्तरांना मिळता मिळता राहिलं.) त्यांचाही आजार हाच. माणूस स्वभावाने गरीब, पण उभा जन्म टेप गळ्यात अडकवून काढलेला. बाई सकाळी सगळ्यांच्या शिरा बघून सेंटिमीटरमध्ये आकडा सांगायच्या, की टेलरमास्तरांचा लगेच प्रश्न, आज आपली किती भरली. स्वतःची रोज थोडी थोडी आत येत होती, त्यामुळे ते खुशीत असायचे. ह्यांची ऐकून मान हलवायचे आणि म्हणायचे, अजून बरीच आत घ्यावी लागेल. ताई, तुमच्या भावाने आयुष्यात कुणाकडून हार पत्करलेली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पालकांच्या लिंबू-चमच्यात ते स्वतः उतरले होते, आणि त्या शाळेत आमचं मूलच नव्हतं. पोटातल्या शिरेवरून एका शिंप्याने आपल्याला मागे टाकावं, हे त्यांना सहन होणार होतं थोडंच. शिवाय घरी जायची घाई. उठल्यापासून एकच धोशा, मला घरी सोडा. इथली उशी वाईट, इथला चहा वाईट, इथलं सगळं वाईट.

मग दुसऱ्या दिवसापासून प्रकार असा सुरू झाला. बाईंनी पोटावर यंत्र टेकवलं आणि म्हणाल्या, श्वास घ्या. झालं. ज्या माणसाने जन्मभर मैदानावर शिट्टी फुंकून शेकडो पोरांना ‘श्वास आत, छाती पुढे’ करायला लावलं, त्याला कुणीतरी तोच हुकूम देत होतं. ह्यांनी असा श्वास ओढला की अंगावरची चादर सरकून खाली पडली आणि खिडकीतलं कबुतर उडालं. पडद्यावरची शीर बिचारी चपटी नाही होणार तर काय करेल. बाईंना आनंद झाला. रोज तेच. ह्यांचा आकडा टेलरमास्तरांच्या पुढे गेला. सकाळी बाथरूममध्ये सराव चालायचा, बाहेरच्या रांगेतले लोक मला विचारायचे की आत कुणी सायकलमध्ये हवा भरतंय का. मी तिकडे कानाडोळा केला. म्हटलं, करू दे व्यायाम, कुणाचं काय जातंय. बाईंनी अंगातलं पाणी उतरवायचं इंजेक्शन बंद करून गोळीवर आणलं, गोळीही अर्ध्यावर आणली, आणि ह्यांना घरी सोडायची भाषा सुरू झाली. टेलरमास्तर घरी गेले तेव्हा ह्यांनी त्यांचा निरोप एखाद्या पराभूत संघाच्या कप्तानाचा घ्यावा तसा, मोठ्या मनाने घेतला.

पण वजनकाट्याला श्वासाशी काही देणंघेणं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने काट्यावर उभं केलं तर वजन वाढलेलं. पाय पुन्हा सुजलेले, आणि बोलता बोलता वाक्याच्या मध्ये दम. बाई चक्रावल्या. शीर सांगते पाणी उतरलं, पाय सांगतात चढलं. त्या स्वतःवरच चिडल्या. म्हणाल्या, एकट्या शिरेवर भरवसा ठेवायचाच नसतो, पाय, वजन, छाती, सगळं एकत्र बघायचं असतं, माझं चुकलं. (मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं. आपल्या घराण्यात आजवर कुणी असं मोठ्याने म्हटल्याचं मला आठवत नाही. माहेरच्या घराण्यातही नाही.) मग त्यांनी एक युक्ती केली. दुपारी हे जेवून झोपले, तोंड उघडं, घोरणं चालू, तेव्हा त्या पाऊल न वाजवता आल्या आणि जेली जरा हातावर चोळून कोमट करून पोटावर यंत्र टेकवलं. आत शीर चांगली फुगून बसलेली. झोपेतल्या श्वासाला तिने जेमतेम दाद दिली.

हे जागे झाले आणि आपली चोरी पकडली गेल्याचं लक्षात येताच त्यांनी नियमावर बोट ठेवलं. झोपेत घेतलेली परीक्षा ग्राह्य धरता येत नाही, परीक्षार्थीला पूर्वसूचना हवी. बाईंनी शांतपणे सांगितलं की जोर लावून श्वास ओढला की फुगलेली शीरसुद्धा दबते, त्यामुळे आम्ही फसतो आणि औषध कमी होतं, आणि त्यात तुमचाच जीव धोक्यात येतो. तेव्हा साधा श्वास घ्या. ह्यांनी घेतला. चादर पुन्हा खाली. बाई म्हणाल्या, हा साधा नव्हे. हे म्हणाले, माझा साधा असाच असतो. तीन-चारदा झालं. चोरी वगैरे बाजूलाच राहिली, ताई. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की कुणी बघतंय म्हटल्यावर साधा श्वास कसा घेतात, हे ह्या माणसाला खरोखरच माहीत नाही. शेवटी बाई हताश होऊन इकडेतिकडे बघत म्हणाल्या की समोर कुणीतरी साधा श्वास घेणारं माणूस हवं, म्हणजे ह्यांना पडद्यावर फरक दाखवता येईल. टेलरमास्तरांची कॉट रिकामी होती. वॉर्डातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला काही नाही म्हणायला जागा नव्हती. चपला काढल्या (वेळ लागला, हल्ली त्यांचे पट्टे आखडलेत) आणि कॉटवर आडवी झाले. सपाट झोपल्यावर जरा कसंतरी झालं, म्हणून उशी मागितली. एकीने भागेना म्हणून दुसरी मागितली. (घरी मी ह्यांच्याबरोबरीने उशा घेऊन झोपते. हे बसून झोपणार आणि मी सपाट, तर बोलायला मान वर करावी लागते.) जेली फारच गार होती. बाईंनी पडदा ह्यांच्याकडे वळवून धरला आणि वर्गात शिकवतात तशा सुरात सुरुवात केली.

“बघा काका. आता काकू साधा श्वास घेतील. काकू, नेहमीसारखा घ्या. आता बघा, शीर कशी—”

तिथेच त्या थांबल्या. यंत्र जरा सरकवलं. पुन्हा टेकवलं. मी नेहमीसारखा श्वास घेत होते, माझी काही चूक नव्हती. हे मात्र कॉटवरून पुढे झुकून पडदा बघत होते.

“हिची हलतच नाहीये,” हे म्हणाले. “अगं, नीट घे ना जरा.”

“घेतेच आहे,” मी म्हटलं.

“पहिल्या दिवशी माझीसुद्धा एवढी नव्हती.”

एवढं म्हणून ते मागे उशीला टेकले. मला वाटलं, बायकोच्याही पुढे नंबर लागल्याच्या समाधानात असतील. बाईंनी माझं पोट कागदाने पुसलं, मानेकडे निरखून बघितलं, आणि अगदी सहज सुरात विचारलं की काकू, जरा बाहेर येता का. मी ह्यांना सांगितलं की यंत्राची बॅटरी संपली. हे ‘बरं’ म्हणाले. (एवढ्या सहजासहजी हे कशालाही बरं म्हणत नाहीत. पण तेव्हा मला तिकडे लक्ष द्यायला फुरसत नव्हती.)

बाहेर पॅसेजमध्ये खिडकीपाशी बाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाली उकिडव्या बसून माझ्या नडगीवर अंगठा दाबला. काढला तर तिथे खळगा. मग आम्ही दोघी तो भरून यायची वाट बघत बसलो, आणि तो काही लवकर येईना. बाकावर बसून बसून पाय जड होतात, मी सांगितलं. त्यांनी विचारलं, जिना चढताना दम लागतो का. मी म्हटलं, जिना आहे म्हटल्यावर लागणारच, सपाटीवर लागला तर विचार करू. वाकल्यावर? उकाडा आहे. रात्री उशा किती घेता? ते मी वर लिहिलंच आहे. माझं प्रत्येक उत्तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, काकू, पहिल्या दिवशी काकासुद्धा मला बुटांच्या दुकानदाराबद्दल असंच सांगत होते. ताई, मला ते लागलं. इतक्या वर्षांत माझी ह्यांच्याशी कुणी तुलना केली नव्हती.

मग त्यांनी मला फिरवलं. छातीला वायरी लावून कार्डिओग्रामची पट्टी काढली, रक्त घेतलं, मोठ्या यंत्रावर हृदयाचीही सोनोग्राफी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याशी गाठून निकाल सांगितला. माझंही हृदय दमलेलं आहे. बरेच महिने असणार. औषधाने आटोक्यात येईल, घाबरायचं कारण नाही, पण साचलेलं पाणी काढायला काही दिवस इथे दाखल व्हावं लागेल. समोरच्या बायकांच्या वॉर्डात सोमवारी एक कॉट रिकामी होते आहे. मी म्हटलं, अशक्य. मी कॉटवर आणि हे कॉटवर, मग आम्हाला दोघांना बघायचं कुणी? माझी ओळख ह्या इस्पितळात ‘पेशंटबरोबरची’ अशी आहे, रजिस्टरमध्ये माझी सही त्याच रकान्यात आहे. बाई म्हणाल्या, आत्ता तुम्ही स्वतःच्या पायांनी येताय काकू, उशीर केलात तर तुम्हाला उचलून आणावं लागेल, आणि तेव्हा माझ्या हातात किती असेल ते मी सांगू शकत नाही. एवढीशी ती मुलगी, आवाज जरासुद्धा चढवला नाही. मी विचार करायला सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली.

ह्यांना मी ताकास तूर लागू दिलेली नाही. त्यांचं इंजेक्शन पुन्हा सुरू झालं आहे, पाय उतरताहेत, आणि मुख्य म्हणजे त्या दिवसापासून त्यांनी सराव बंद केला आहे. कॉटवर पडून छताकडे बघत गुपचूप श्वास घेतात. दोनदा मला म्हणाले की तू घरी जाऊन झोप. मी म्हटलं, घरी गेले तर तुमचा चष्मा कोण शोधणार. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

तर असं इकडे सगळं ठीक आहे. काळजी करण्यासारखं काही नाही. तुम्ही यायची दगदग तर मुळीच करू नका, तुमचा गुडघा, इतका लांबचा प्रवास, आणि इथे येऊन करणार काय. मी आहेच. चुलतभावाला मात्र तुमच्या भाषेत एकदा समज द्या.

तुमची,
भावजय

ता. क. येणार नाहीच आहात, तरी समजा आलात, तर सोबत काही आणू नका. इथे ठेवायला जागा नाही. गुडघ्याचा पट्टा तेवढा घाला. स्टेशनवरून समोरच बस मिळते आणि ती इस्पितळाच्या दाराशी थांबते, हे नुसतं माहितीसाठी.

ता. क. दुसरा. वरचं सगळं लिहून झाल्यावर पत्र परत वाचलं. ताई, मला भीती वाटते आहे. ह्यांना आणलं तेव्हासुद्धा वाटली नव्हती, कारण तेव्हा हातात काम होतं. आता वाटते. सोमवारी मी त्या कॉटवर जायचं ठरवलं आहे, पण ह्यांच्यापाशी कुणीतरी असल्याशिवाय मला तिथे पडवणार नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही, आणि तुम्हीही ते माझ्या खात्यावर गर्व म्हणूनच मांडलं असणार. चुकीचं नाही मांडलंत. तरी या. भावासाठी याल हे मला माहीत आहे, ते मी मागत नाही. माझ्यासाठी या. स्वयंपाकघरातले डबे तुम्हाला हवे तसे लावा, मी बरी होऊन आले की साखर कुठे आहे ते तुम्हाला विचारीन.

ता. क. तिसरा. (अक्षर बदललेलं दिसेल.) ताई, हिने पत्ता घालायला पाकीट माझ्याकडे दिलं, कारण हिच्या मते माझं अक्षर फळ्यावरचं आहे. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. मी वाचलं. परवानगी घेतली नव्हती.

दोन दुरुस्त्या करायच्या आहेत. एक, बॅटरी संपली नव्हती. पडदा माझ्या तोंडासमोर होता आणि मला डोळे आहेत. दोन, मी छाती फुगवली ती शिंप्याला हरवायला नाही. मी कॉटवर पडून दिवसभर हिच्याकडेच तर बघत होतो. दुसरं बघायला आहे काय इथे? ही बाकावर बसल्या बसल्या झोपायची आणि झोपेत धापा टाकायची. जन्मभर पोरांचे श्वास बघून कोण दमलंय ते ओळखण्याची नोकरी केली आहे मी. विचारलं तर उकाडा म्हणायची. मी घरी गेल्याशिवाय ही घरी जाणार नाही, आडवी होणार नाही, डॉक्टरकडे तर नाहीच नाही. म्हणून म्हटलं, काहीही करून पास व्हायचं आणि हिला इथून न्यायचं. तो हिशेब चुकला. आता वाटतं, बरं झालं चुकला.

सोमवारपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. डॉक्टरीणबाईंशी बोललो. बायकांच्या वॉर्डात आजच जागा करून देते म्हणाल्या. हिने नेहमीप्रमाणे नाही म्हटलं. आजवर हिच्यावर मी फक्त हुकूम सोडले, हे तुला ठाऊक आहे. आज मी हात जोडले आणि म्हटलं, कृपा करून जा. ती इतकी घाबरली की मुकाट्याने जाऊन कॉटवर आडवी झाली.

पत्र हाती पडलं की तू सकाळच्या गाडीनेच ये.

तुझा,
बाळ